महिन्याला बाराशे येणारं वीजबिल एकदम तेरा हजार! नवा स्मार्ट मीटर बसल्यावर नेमकं काय तपासायचं?

जाईजुई | 7 नोव्हेंबर, रात्री 10.12

नमस्कार मंडळी. इथे वाचते बरीच वर्षं, लिहिते कमी. पण दोन दिवसांपासून डोकं चालेनासं झालंय, म्हणून धागा काढतेय.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं जुनं घर आहे. खाली मी, नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा आणि सासूबाई. वर धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं. 2012 मध्ये वाटण्या झाल्या, तेव्हापासून मीटर वेगळे. आमचा वापर 125-135 युनिट आणि बिल बाराशेच्या आसपास, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. एसी नाही, अंघोळीचं पाणी सोलरवर. फ्रिज, चार पंखे, टीव्ही, मिक्सर, आठवड्यातून तीनदा वॉशिंग मशीन आणि रोज वीस मिनिटं पाण्याची अर्ध्या एचपीची मोटर, एवढंच.

10 ऑक्टोबरला दोन मुलं आली. जुना काळा, चकती फिरणारा मीटर काढून पंधरा मिनिटांत नवा स्मार्ट मीटर बसवून गेली. घरात सासूबाई एकट्याच होत्या. त्यांची एका कागदावर सही घेतली, प्रत दिली नाही.

परवा बिल आलं. 843 युनिट, 13,060 रुपये.

ऑफिसात गेले तर खिडकीवर उत्तर मिळालं, "आधी भरा, मग अर्ज द्या, चूक असेल तर पुढच्या बिलात वळते होतील." तेरा हजार आधी भरायचे कुठून? माझ्या नवऱ्याचा पगार किती आणि त्यातून मुलाची फी किती, हे त्या खिडकीला कसं सांगू?

सगळ्यात वाईट वाटतंय ते सासूबाईंचं. 76 वय आहे त्यांचं. काल संध्याकाळी घरी आले तर देवापाशी दिवा लावून अंधारात बसल्या होत्या. ट्यूब लावली तर म्हणाल्या, "राहू दे गं, दिसतंय मला." सही आपण केली म्हणून हे झालं, असं त्यांनी मनाला लावून घेतलंय.

कुणाला असा अनुभव असेल तर कृपया सांगा. मीटर खराब असू शकतो का? आणि हा मीटर प्रीपेड होणार, रिचार्ज संपला की रात्री-अपरात्री वीज जाणार, असं गल्लीत सगळे म्हणतायत. ते खरं आहे का?

---

भीमथडी | 7 नोव्हेंबर, रात्री 10.40

ताई, मीटरच पळतोय तुमचा. आमच्या गावात पंधरा-वीस घरांत बसवले आणि निम्म्यांची बिलं दीडपट झाली. आम्ही ग्रामसभेत ठराव केला, आता मीटर बदलायला आलं की लोक गाडी परत पाठवतात. तुम्हीही लेखी द्या की जुना मीटर परत बसवा. एक रुपया भरू नका.

---

चकती_ते_चिप | 7 नोव्हेंबर, रात्री 11.25

जाईजुई, मी 31 वर्षं मीटर तपासणीत काढली, आता निवृत्त आहे. अगदी चकतीच्या मीटरपासून आत्ताच्या मीटरपर्यंत सगळे हाताखालून गेले. आधी आईंना सांगा, सहीने बिल वाढत नाही. ट्यूब लावा.

आता बिल हातात घ्या. मधे आडवा तक्ता असतो: चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट, समायोजित युनिट, एकूण. हे सहा आकडे जसेच्या तसे इथे लिहा. लोक फक्त रक्कम बघतात आणि घाबरतात, चूक मात्र बहुतेक वेळा या तक्त्यात सापडते. बिल किती तारखेपासून किती तारखेपर्यंतचं आहे, तेही द्या.

---

जाईजुई | 8 नोव्हेंबर, सकाळी 7.05

काका, खूप आभार. चालू 311, मागील 0, गुणक अवयव 1, युनिट 311, समायोजित युनिट 532, एकूण 843. बिल 2 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबरचं आहे.

---

चकती_ते_चिप | 8 नोव्हेंबर, सकाळी 9.30

तुमच्या बिलात दोन वेगळी प्रकरणं एकत्र आली आहेत. ती वेगळी केल्याशिवाय काही कळणार नाही.

समायोजित 532 हे जुन्या मीटरचे युनिट. मीटर बदलला की मागच्या बिलापासून तो काढेपर्यंतचा वापर या रकान्यात चढतो. म्हणजे 2 ते 10 ऑक्टोबर, आठ दिवस. 532 ला 8 ने भागा, दिवसाला 66 युनिट होतात. याचा अर्थ घरात पावणेतीन किलोवॉटचं काहीतरी आठ दिवस, रात्रंदिवस, एक मिनिटही न थांबता चालू होतं. तुम्ही लिहिलेल्या घरात ते शक्य नाही. हा आकडा मला शेवटचं रीडिंग चुकीचं घेतल्याचा वाटतो. यात नव्या मीटरचा काही दोष नाही.

311 हे नव्या मीटरचे, 24 दिवसांचे. दिवसाला 13. तुमचा नेहमीचा वापर दिवसाला सव्वाचार. इथेही तिप्पट, पण याचं कारण वेगळं निघणार. त्याच्याकडे नंतर येऊ.

त्यात टप्प्यांचा मार असतो. आपल्याकडे घरगुती दर 100 युनिटपर्यंत एक, 300 पर्यंत दुसरा, 500 पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. चौथ्या टप्प्याचा युनिट पहिल्याच्या अडीच-तीन पट महाग. वर 16 टक्के वीज शुल्क. म्हणून युनिट सहापट झाले तर रक्कम अकरापट होते.

काढलेल्या मीटरचं शेवटचं रीडिंग तुमच्याकडे कुठे आहे का? फोटो, चिठ्ठी, काहीही?

---

ठाणेकर | 8 नोव्हेंबर, सकाळी 10.15

आमच्या सोसायटीत मीटर बदलताना 302 आणि 402 च्या वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. 402 वाले सहा महिने परदेशात आणि त्यांना भरमसाठ बिल, आम्हाला मात्र फुकटात वीज. आम्हीच जाऊन सांगितलं. घरातला मेन बंद करून खाली मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबतो का, एवढं बघितलं आणि पाच मिनिटांत कळलं. जाईजुई, तुम्हीही करून पहा. दीरांचा आणि तुमचा मीटर शेजारी-शेजारीच असतील ना?

---

जाईजुई | 8 नोव्हेंबर, दुपारी 2.50

काका, रीडिंग सापडलं! हे लिहितानाही अंगावर काटा येतोय.

माझे सासरे दर एकादशीला मीटरचं रीडिंग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायचे. ते गेले 2017 मध्ये, पण सासूबाईंनी ती सवय सोडली नाही. मला हे माहीत होतं, रोज डोळ्यासमोर आहे, तरी सुचलं नाही. तुमचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला तर उठून गेल्या आणि कॅलेंडरच खिळ्यावरून काढून घेऊन आल्या.

3 ऑक्टोबरच्या चौकोनात पेन्सिलीने 41322. आणि 10 तारखेच्या चौकोनात, बारीक अक्षरात, "जुना 41350. नवीन 0." मीटर काढणाऱ्या मुलालाच त्यांनी विचारलं होतं, "बाळा, कितीवर थांबला रे?" आणि स्वतः चष्मा लावून बघून आल्या होत्या.

मागच्या बिलातलं चालू रीडिंग 41318 आहे. म्हणजे आठ दिवसांत 32 युनिट!

---

चकती_ते_चिप | 8 नोव्हेंबर, दुपारी 3.20

आईंना माझा नमस्कार सांगा.

41318 अधिक 532 म्हणजे 41850. तुमचं 41350. तिसऱ्या आकड्यात 3 चा 8 झालाय. धुळकट काचेतून, उन्हाच्या तिरिपेत, जुन्या मीटरच्या आकड्यांत हे सहज होतं. मी स्वतः अशा चुका कितीतरी दुरुस्त केल्यात. पाचशे युनिट तिथेच गेले.

मीटर काढताना शेवटच्या रीडिंगचा फोटो काढून प्रणालीत चढवलेला असतो. अर्जात स्पष्ट लिहा, "मीटर बदली अहवाल आणि जुन्या मीटरच्या अंतिम रीडिंगचा फोटो मिळावा." कॅलेंडरच्या पानाचा आणि मागच्या दोन बिलांचा फोटो जोडा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

(चकतीचा मीटर अजून ज्यांच्याकडे असेल त्यांनी लक्षात ठेवा, लाल चौकटीतला शेवटचा आकडा दशांशाचा असतो, तो धरायचा नाही.)

---

चिंचगूळ | 8 नोव्हेंबर, संध्याकाळी 6.10

"आधी भरा मग बघू" यावर मला लिहायचंच आहे, कारण माझ्या आईला याच वाक्यापायी नऊ हजार उसने घ्यावे लागले होते आणि तेव्हा मला नियम माहीत नव्हता.

वीज कायदा 2003, कलम 56. थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती तुम्ही "हरकत नोंदवून" भरलीत, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे जाईजुईला या महिन्याचे बाराशेच्या आसपास भरायचे आहेत, तेरा हजार नाहीत. अर्जात कलमाचा उल्लेख करा, "अंडर प्रोटेस्ट" हे शब्द लिहा आणि पार्ट पेमेंटची मंजुरी मागा. ऑनलाइन भरताना मात्र जपून, घाईत पूर्ण रक्कम जाते.

तक्रार 1912 वरही नोंदवा म्हणजे क्रमांक मिळतो. स्थानिक पातळीवर दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, तिथे वकील लागत नाही. मंचाच्या निकालाने समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल, मुंबई किंवा नागपूर. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जावं लागतं, त्यामुळे कागद फेकू नका.

शिवाय फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत बदल झालाय. मीटर जास्त दाखवतो अशी तक्रार केली तर पाच दिवसांत दुसरा मीटर जोडून किमान तीन महिने दोन्हींची तुलना करायची, हे वितरण कंपनीवर बंधनकारक आहे. हे कुणी आपणहून सांगत नाही, मागावं लागतं.

---

भीमथडी | 8 नोव्हेंबर, रात्री 8.30

चिंचगूळ ताई, 56 चं माहीत नव्हतं, छापून गावच्या वाचनालयात लावतो. पण 311 चं काय? ते तर नव्याच मीटरचे आहेत.

---

जाईजुई | 9 नोव्हेंबर, सकाळी 11.40

ठाणेकर, तुम्ही सांगितलंत तसं आज केलं. आता मला जास्तच भीती वाटतेय.

आमच्याकडे मेनला अजून जुना किटकॅट (हाताने उपसायचा फ्यूज) आहे. नवऱ्याने तो उपसून बाजूला ठेवला. फ्रिज बंद, पंखे बंद, पूर्ण घर शांत. मुलगा बाहेर मीटरपाशी उभा. तो ओरडला, "आई, दिवा चालूच आहे!"

मी स्वतः जाऊन बघितलं. लाल दिवा लुकलुकतोय, मिनिटाला 40 वेळा मोजला. शेजारी आणखी एक बारीक दिवा सतत लागलेला, त्याच्याखाली 'अर्थ' (अर्थिंगमधला) असं लिहिलंय. मीटरवर 3200 इम्प/केडब्ल्यूएच छापलंय. दीरांच्या मीटरचा दिवाही वेगळा लुकलुकत होता, म्हणजे मीटर उलटसुलट झालेले नाहीत.

घरात काहीही चालू नसताना मीटर फिरतो कसा?

---

भीमथडी | 9 नोव्हेंबर, दुपारी 12.05

बघा! घर बंद आणि मीटर चालू. आणखी काय पुरावा पाहिजे? मी पहिल्याच दिवशी सांगत होतो.

---

चकती_ते_चिप | 9 नोव्हेंबर, दुपारी 1.15

भीमथडी, तुमचा राग मला कळतो, तो खोटा नाही. लोकांना न सांगता, न समजावता दारात मीटर बसवला की असंच होणार. पण इथे मीटर बहुधा खरं बोलतोय. शांतपणे वाचा.

3200 लुकलुकी म्हणजे एक युनिट. मिनिटाला 40 म्हणजे तासाला 2400, म्हणजे पाऊण युनिट. तेव्हा साधारण 750 वॉटचा प्रवाह तुमच्या मीटरमधून जात होता. घरात चालू काही नाही, तर तो येतो कुठून?

जुना चकतीचा मीटर फक्त फेजमधून, म्हणजे वीज घरात आणणाऱ्या तारेतून, जाणारा करंट मोजायचा. नवा मीटर फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) दोन्ही मोजतो आणि दोघांत जो जास्त असेल तो धरतो. वीजचोरी पकडण्यासाठी ही रचना आहे. सरळ वायरिंगच्या घरात दोन्ही सारखेच असतात, त्यामुळे काही फरक पडत नाही. दोघांत तफावत आली की तो अर्थचा दिवा लागतो. तुमचा दिवा सतत लागलाय.

किटकॅट फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आणि दुसऱ्या कुणाचा न्यूट्रल तुमच्या न्यूट्रलला येऊन मिळाला असेल, तर त्यांनी वापरलेली वीज परत जाताना तुमच्या मीटरमधून जाते. मीटर ती तुमची समजून मोजतो. त्यांचा मीटर फेजवर तीच वीज मोजतो. एकाच विजेचे पैसे दोन घरांतून जातात.

दोन प्रश्न. वरच्या मजल्याचं काही काम मागून झालं का? आणि तुमच्या बोर्डात पूर्वी आरसीसीबी (करंटमध्ये गडबड झाली की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) होता का, जो सारखा पडायचा?

---

जाईजुई | 9 नोव्हेंबर, दुपारी 3.30

काका, हे तुम्हाला तिथे बसून कसं कळलं?

2019 मध्ये दिरांनी गच्चीच्या बाजूला दोन खोल्या आणि बाथरूम वाढवलं. त्यानंतर आमच्याकडचा आरसीसीबी दिवसातून दहादा पडायला लागला. तेव्हाचा वायरमन म्हणाला, "ताई, जुनाट झालाय, काढून टाकतो, कटकट नको." आणि काढला. त्यानंतर सगळं सुरळीत चाललं म्हणून आम्ही विसरूनही गेलो.

त्या खोल्यांत दिरांचा फ्रिज, गीझर आणि मुलाच्या खोलीत एसी आहे.

आणखी एक. मुलाने मोबाईलमध्ये कंपनीचं ॲप घेऊन रोजचा वापर काढला. भाऊबीजेला आम्ही सगळे दोन दिवस माझ्या माहेरी होतो. फ्रिज रिकामा करून, बटण बंद करून, कुलूप लावून गेलो होतो. त्या दोन दिवसांत आमच्या मीटरवर 18 युनिट पडलेत. तासातासाचा आलेख बघितला तर रात्री साडेदहाला चढतो आणि पहाटे पाचला उतरतो. वरच्या एसीची तीच वेळ.

---

चकती_ते_चिप | 9 नोव्हेंबर, दुपारी 4.00

मग झालंच. आरसीसीबी जुनाट नव्हता, तो त्याचं काम करत होता. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट जुळत नाही म्हणून पडत होता. ज्याने तो काढला त्याने तुमच्या घरातला पहारेकरी काढून टाकला.

आता पैशांपेक्षा महत्त्वाचं. किटकॅट काढून "वीज बंद आहे" असं समजून त्या बोर्डात कुणीही हात घालू नका. त्या न्यूट्रलमधून दुसऱ्याचा करंट वाहतोय. कुणी मेन बंद करून तो न्यूट्रल सोडवला आणि वरचा गीझर चालू असला, तर त्या मोकळ्या टोकावर पूर्ण 230 व्होल्ट येतात. अशा अपघातात माणसं गेलेली मी पाहिली आहेत. परवानाधारक वायरमनच बोलवा, आणि काम करताना दोन्ही मजल्यांचा पुरवठा बंद ठेवा. मीटरच्या सीलला कुणी हात लावायचा नाही.

---

ऋतुजा_अ | 9 नोव्हेंबर, रात्री 9.15

मी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते, एकाच बंगल्यात चार मीटर. हे वाचून आत्ता खाली जाऊन बघून आले, आमच्या दोन मीटरवर अर्थचा दिवा लागलाय! उद्या मालकांना सांगते. जाईजुई ताईंचा प्रीपेडचा प्रश्न राहिला, मलाही तीच शंका आहे.

---

चिंचगूळ | 9 नोव्हेंबर, रात्री 9.50

सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं राज्य सरकारने जून 2024 मध्ये जाहीर केलं. आता बसवतात ते पोस्टपेड, बिल महिन्याच्या शेवटीच येतं. त्यांना टीओडी मीटर म्हणतात, म्हणजे कोणत्या वेळेला किती वापर झाला ते नोंदवणारे. 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर घरगुती ग्राहकांना युनिटमागे 80 पैसे सवलत सुरू झाली. वॉशिंग मशीन, इस्त्री, मोटर या वेळेत चालवली तर थोडा फायदा होतो. पण नोकरी करणाऱ्या घरात दुपारी असतं कोण? हाही प्रश्न आहेच.

---

जाईजुई | 13 नोव्हेंबर, रात्री 10.30

अपडेट देते.

सोमवारी अर्ज दिला, कॅलेंडरच्या पानासकट. कलम 56 लिहिलेलं बघून खिडकीवरच्या माणसाने आत पाठवलं. आतल्या अधिकारी बाईंनी नीट ऐकून घेतलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत. मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने 1,210 रुपये हरकत नोंदवून भरून घेतले. त्यांच्या संगणकावर जुन्या मीटरचा फोटो निघाला. मोठा करून बघितला, स्वच्छ 3 आहे. सासूबाईंनी पेन्सिलीने लिहिलेला तोच.

काल परवाना असलेले वायरमन आले. त्यांनी टाँगटेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावला तेव्हा आमच्याकडे सगळं बंद होतं. फेजवर शून्य, न्यूट्रलवर 3.3 अँपिअर. टाँगटेस्टरवरचा तो आकडा मी बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी जिन्याखालचं जंक्शन उघडलं. वरच्या दोन खोल्यांची काळी वायर तिथे आमच्या न्यूट्रलला पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पुढे दिरांच्या मीटरपर्यंत वायर न्यायला नको म्हणून 2019 मध्ये केलेला तो शॉर्टकट.

दिवसभर काम चाललं. वरचा न्यूट्रल वरच्या मीटरपर्यंत वेगळा नेला. आमच्याकडे किटकॅट काढून दोन्ही तारा तोडणारा मेन स्विच बसवला आणि 30 मिलिअँपिअरचा नवा आरसीसीबी. साहित्य आणि मजुरी मिळून साडेचार हजार. आरसीसीबी अजून एकदाही पडलेला नाही. अर्थचा दिवा विझलाय.

---

ठाणेकर | 13 नोव्हेंबर, रात्री 11.00

फार बरं वाटलं वाचून. 311 मधले जे जास्तीचे आहेत ते कंपनी वळते करेल का?

---

चकती_ते_चिप | 14 नोव्हेंबर, सकाळी 8.20

नाही, आणि याची जाईजुईंनी आशा धरू नये. मीटरच्या पुढचं वायरिंग ग्राहकाची जबाबदारी. मीटर बरोबर आहे, तपासणीत तो उत्तीर्णच होईल. मीटर सदोष निघाला असता तर आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचं बिल दुरुस्त झालं असतं, पण इथे ते लागू होत नाही.

---

जाईजुई | 14 नोव्हेंबर, रात्री 9.05

हो, अधिकारी बाईही तेच म्हणाल्या. दुरुस्त बिल 343 युनिटचं, 4,130 रुपयांचं येणार आहे.

या जास्तीच्या दोनशे युनिटांवरून घरात थोडं बोलणं झालं, ते लपवत नाही. दीर म्हणाले, "वहिनी, माझ्या एसीचं बिल मी माझ्या मीटरवर भरलंय. मी फुकट काही वापरलं नाही." ते खरंच आहे. आणि आम्ही ती वीज वापरली नाही, हेही तितकंच खरं. कुणीच न वापरलेल्या विजेचे पैसे भरायचे, हे गळी उतरायला जड गेलं. शेवटी जाऊबाईच खाली आल्या आणि वायरमनच्या पैशांतले अर्धे सासूबाईंच्या हातात ठेवून गेल्या.

पण एक गोष्ट मला आत टोचतेय. मीटर बसवला त्याच क्षणी तो अर्थचा दिवा लागला असणार. बसवणाऱ्याला तो दिसला असणार. "आजी, तुमच्या वायरिंगमध्ये काहीतरी गडबड आहे, वायरमनला दाखवून घ्या," एवढं एक वाक्य त्याने म्हटलं असतं तर आमचे पैसे वाचलेच असते, शिवाय सहा वर्षं घरात असलेला धोका महिनाभर आधी कळला असता. शेवटचं रीडिंग कागदावर लिहून प्रत दिली असती तर सासूबाई चार दिवस अंधारात बसल्या नसत्या. हे मी वेगळ्या अर्जात लिहून दिलंय: मीटर बदलताना अंतिम रीडिंगची सही केलेली प्रत ग्राहकाला द्यावी आणि अर्थचा दिवा लागला तर तसं लेखी कळवावं. त्याचीही पोच घेतलीय.

---

भीमथडी | 15 नोव्हेंबर, सकाळी 7.40

ताई, तुमच्या या अर्जाचा मसुदा टाका. आम्ही ग्रामसभेतून तोच पाठवतो. मीटरला माझा विरोध अजून आहे, लोकांना विचारल्याशिवाय बसवणं मला पटत नाही. पण काल चार घरांत दिवे बघून आलो, एका घरात लागलेला सापडला. वाटणी झालेलंच घर आहे.

---

जाईजुई | 15 नोव्हेंबर, दुपारी 1.10

मसुदा संध्याकाळी टाइप करून टाकते. जुन्या, वाटणी झालेल्या घरांत सगळ्यांनीच बघा, आपल्याकडे एकाच भिंतीत दोन-दोन संसारांच्या वायरी आहेत.

---

माळरान | 2 डिसेंबर, रात्री 8.45

धागा उशिरा सापडला. आमच्याकडे उद्याच मीटर बदलायला येणार आहेत. आई-वडील गावी एकटेच असतात आणि मी नाशिकला. त्यांना फोनवर नेमकं काय करायला सांगू?

---

जाईजुई | 2 डिसेंबर, रात्री 9.20

जुना मीटर काढायच्या आधी त्याचा एक फोटो, आकडे आणि मीटरचा क्रमांक दोन्ही दिसतील असा. मोबाईल जमत नसेल तर कागदावर लिहून घ्या आणि त्या मुलालाच खाली सही करायला सांगा. नवा बसल्यावर सुरुवातीचं रीडिंग आणि अर्थचा दिवा बघा. मग मेन बंद करून लाल दिवा थांबतो का, तेही बघायला सांगा. थांबला नाही तर बाबांना बोर्डाला हात लावू देऊ नका, वायरमन बोलवा.

आणि कॅलेंडरवर लिहायला सांगा. काल एकादशी होती. सासूबाईंनी ट्यूबच्या उजेडात चष्मा लावून आकडा लिहिला आणि मागच्या एकादशीचा वजा करून मला ओरडून सांगितलं, "61 झाले गं, पंधरा दिवसांत."

---

माळरान | 3 डिसेंबर, दुपारी 12.35

फोटो घेतला, सहीपण घेतली. अर्थचा दिवा लागलेला नाही. मेन बंद केल्यावर लाल दिवा थांबला.